कांदा उगवलेली भिंत

मुलगी बघायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या होत्या, माझ्या वडिलांनी टोपी दोनदा काढून दोनदा घातली होती, आणि आता उठायचं की बसायचं हे कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा तिची आत्या तिला म्हणाली, "तुला काही विचारायचं असेल तर विचारून घे बाई, नंतर आमच्या नावाने बोटं मोडू नको."

तिने मान वर केली आणि विचारलं, "खोलीला खिडकी आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

खिडकी नव्हतीच. खोलीही नव्हती.

खोटं बोलायची मला सवय नव्हती. पण तिने ज्या सरळपणे विचारलं, त्यापुढे "नाही" हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. ती डी.एड. झालेली होती आणि आमच्या शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेत तिची नेमणूक झाली होती. म्हणजे लग्नानंतर ती आमच्या घरी राहणार, मी सातपूरच्या कारखान्यात आणि सुट्टीला गावी. वह्या तपासायला उजेड हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिच्या वडिलांचं म्हणणं मात्र जास्त होतं. ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. निघताना ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पौषात एका रविवारी येऊन मी खोली बघेन. पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडू. माझी मुलगी गोठ्याला लागून राहणार नाही."

आमचं घर पिंपळगाव बसवंतपासून सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. दोन खण, पुढे ओटा, आणि एका अंगाला खरोखरच गोठा. सत्तरच्या दशकाची ती अखेरची वर्षं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी माझा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला होता, वसतिगृहातल्या आचाऱ्याने परीक्षेच्या दिवसांत मला न मागता जास्तीची भाकरी वाढली होती, आणि वडिलांनी एकदाही "पुरे झालं आता शिक्षण" असं म्हटलं नव्हतं. या सगळ्यांच्या जोरावर मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि सातपूरला नटबोल्टांच्या कोठारात कारकून लागलो. झाडापानांचा तिथे काही संबंध नव्हता, पण पदवी ती पदवी. गावात मला "सायब" म्हणत. निम्मं कौतुकाने, निम्मं चिडवायला.

सायबाची खोली सिमेंटचीच हवी असं मी ठरवून टाकलं होतं. सातपूरला रोज नव्या शेडी उभ्या राहताना बघत होतो, स्लॅबवर पाणी मारणारी माणसं बघत होतो. पण तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळे. मी अर्ज केला. कचेरीतला कारकून म्हणाला, "येईल." कार्तिक संपत आला तरी त्याचं "येईल" तसंच ताजं होतं.

वडील म्हणाले, "सिमिट कशाला पायजे रे? माती काय मेलीय का?"

मला लाज वाटली. मातीतून बाहेर पडावं म्हणून तर मी शिकलो होतो. पण पौष जवळ येत होता.

वडिलांचा बांधकामाचा एक नियम होता. सकाळी बैल जुंपावेत आणि दुपारच्या वैरणीला ते गोठ्यात परत असावेत, तेवढ्याच अंतरातलं सामान आणायचं. यात काही तत्त्वज्ञान नव्हतं. बैल थकले तर रब्बीला कुळवाची पाळी कोण घालणार, एवढाच प्रश्न होता. जोत्याला दगड नाल्यातले. माती आमच्याच शेताच्या खालच्या कोपऱ्यातली, चिकट आणि पांढुरकी. तिथं काहीच धड पिकत नसे. आढ्याला बांधावरची बाभूळ, गेल्या वादळात आडवी झालेली. कौलं नाल्यापलीकडच्या कुंभाराची. मी कागदावर यादी लिहून काढली, कारण शिकलेल्या माणसाने यादी करावी असं मला वाटे. वडिलांनी कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "झ्याक."

मग सुरू झाला चिखल. माती भिजवून तुडवायची, तिचा लोण्यासारखा गारा करायचा. आधी बैल फिरवले, मग माणसं उतरली. मी, माझी धाकटी बहीण, शेजारच्या चार बायका, आणि पदर खोचून माझी आई. आईला मी त्याआधी कधी नाचताना पाहिलं नव्हतं. गाऱ्यात पाय रुततो, मग तो उपटताना 'प्चक' असा आवाज येतो, आणि दहाबारा पायांचे ते आवाज एका तालात आले की हसू आवरत नाही. मी कारखान्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो आणि तिसऱ्याच पावलाला आडवा झालो.

"सायब पडला गं!" बहीण ओरडली.

"पडू दे," आई म्हणाली. "भिंतीला शिक्षण लागंल."

नुसत्या मातीच्या भिंतीला वाळताना तडे जातात, म्हणून तिच्यात भुसा मिसळावा लागतो. नेहमीचा भुसा गव्हाचा. पण आईने कोठीच्या दारात उभं राहून हात आडवे केले. "बैलाच्या तोंडचं मी भिंतीला घालू देनार नाय."

इथे माझ्या बी.एस्सी.ने तोंड उघडलं. गोठ्यामागे डोंगळ्यांच्या भुशाचा मोठा ढीग पडून होता. कांद्याला फुलांचे जे गोल गोंडे येतात त्यांना आमच्याकडे डोंगळे म्हणतात. ते वाळवून बडवले आणि उपणले की काळं बी निघतं आणि मागे भुसा उरतो. तो जनावर खात नाही, जाळला तर धूर फार. मी म्हणालो, "हा घाला. फुकट पडलाय, धागेदार आहे, भिंत बळकट होईल."

वडील ढिगाजवळ गेले, मूठभर भुसा तळहातावर घेऊन त्यांनी फुंकर मारली. "याच्यात बी ऱ्हातं बरं का."

"हलकं बी आहे ते, उपणताना उडालेलं. हलक्या बियाला अंकुरणाची शक्ती नसते." हे मी पुस्तकी मराठीत म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात आदर होता, आणि तो आदर आठवला की मला अजून घाम फुटतो. "तू शिकलायस," ते म्हणाले, आणि भुसा गाऱ्यात पडला.

भिंत रोज वीतभर चढायची. एक थर घालायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. मार्गशीर्षाच्या मध्याला कौलं चढली आणि आतून शेवटचा गिलावा झाला. तोही त्याच भुशाचा. मी सुट्टी संपवून सातपूरला निघालो तेव्हा बहिणीला बजावून सांगितलं, "दिवसातून दोनदा भिंतीवर पाणी शिंपड. लवकर वाळली तर तडकेल. मोठमोठ्या कारखान्यांत असंच करतात."

"मातीला?" तिने विचारलं.

"बांधकामाला," मी म्हणालो.

मधल्या दिवसांत मी खिडकीसाठी काच घेतली. नाशिकच्या मेनरोडवर एका दुकानात ती कापून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि शनिवारी संध्याकाळी एस.टी.त मांडीवर उभी धरून बसलो. प्रत्येक खड्ड्याला सगळी बस माझ्याकडे बघे. एक म्हातारबुवा पिंपळगावपर्यंत माझ्या मांडीवर हात ठेवून काचेला आधार देत आले. उतरताना कंडक्टर म्हणाला, "संभाळा हो, ताजमहालवाले." मी इतका खूश होतो की त्याला नमस्कारच केला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पाहुणे येणार होते.

घरी पोहोचलो तर आई ओट्यावर बसलेली. बहीण दाराआड. वडील म्हणाले, "आत जाऊन बघ."

काच ओट्यावर टेकवून मी कंदील घेऊन खोलीत गेलो. भिंती हिरव्या होत्या.

शेवाळ असेल असं वाटून मी जवळ गेलो. चारही भिंतींवर, जमिनीपासून हात पोचेल तिथवर, सुईसारखी बारीक हिरवी रोपं उगवली होती. काही अजून वाकलेली, काहींच्या टोकाला बियाची काळी टोपी. कांद्याच्या रोपवाटिकेत जशी लव दिसते अगदी तशी, फक्त उभी. खोलीभर कोवळ्या पातीचा वास पसरला होता. थंडीचे दिवस, ओलसर माती, दोन वेळचं पाणी. बियाला यापेक्षा चांगलं कुठे मिळणार? अंकुरणावर मी परीक्षेत सोळा पानं लिहिली होती.

"दोन वेळा शिंपडत व्हते मी," बहीण दाराआडून म्हणाली. "एकदाबी चुकले नाय, भाऊ."

वडील गंभीरपणे म्हणाले, "हलकं बी हाय, उगवत नाय." आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मला मात्र रडू येत होतं. सकाळी ओव्हरसियर येणार, सुपारी खिशात घेऊन येणार आणि तशीच परत नेणार.

रविवारी उजाडताच आम्ही उपटायला बसलो. रोपं चिमटीत धरून ओढायची, की बरोबर मातीचा कपचा निघे. आईने शेळी आणून बघितली. शेळी मागच्या पायांवर उभी राहून भिंत हुंगू लागली, एक शेंडा चाखला, शिंकली, आणि लेंड्या टाकून निघून गेली. तिघांनी मिळून अडीच भिंती साफ केल्या तेवढ्यात ओट्यावरून वडिलांचा आवाज आला, जरा जास्तच मोठा: "या, या! लवकर आले!"

दीड भिंत अजून हिरवी होती. अर्धी दाढी करून न्हावी उठून गेलेल्या माणसासारखी खोली दिसत होती. आईच्या ओच्यात रोपं, बहिणीच्या परकरात रोपं, माझ्या दोन्ही मुठींत रोपं.

आधी आत्या आत आली. ती सटाण्याकडे दिलेली, बोलायला मोकळी, चकित झाली की अहिराणीत शिरणारी. ती दारात थबकली. पुढे आली, एक रोप उपटलं, दोन बोटांत चुरगाळून नाकाशी नेलं आणि किंचाळली, "अवो दादा! हाऊ तं कांदा शे! बठ्ठी भिंत हिरवी व्हई गई!"

तिच्या मागे तिचे दादा, म्हणजे मुलीचे वडील, हातात छत्री घेऊन उभे. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. भिंत तशीच हिरवी होती.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "अंकुरण."

आत्या भिंतीला टेकून हसू लागली. माझे वडील मदतीला धावले. "त्यो बी.एस्सी. झालाय ना, त्यानं भिंतीला पानी दिलं. सिमिटावानी."

मुलीचे वडील हसले नाहीत. छत्री उलटी धरून तिचं लोखंडी टोक त्यांनी भिंतीवर ठेवलं आणि जोर लावला. टोक शिरलं नाही. तीन ठिकाणी करून पाहिलं. मग वर आढ्याकडे बघितलं, जोत्याला पायाने ठोकलं. माझ्या मुठीतली रोपं घामाने भिजली होती.

"माती कुठली?"

"शेतातली," मी म्हणालो.

"लीड किती?"

मला कळेना. त्यांनी समजावलं. सामान जिथून आणलं तिथपासून कामापर्यंतचं अंतर म्हणजे लीड. त्यांच्या खात्यात दगडाच्या प्रत्येक ढिगापुढे, वाळूच्या प्रत्येक गाडीपुढे लीड लिहावं लागे. आयुष्यभर त्यांनी तेच लिहिलं होतं.

मी म्हणालो, "मोजलं नाही."

"चला, मोजू."

मग आमची वरात निघाली. पुढे ते, छत्री टेकत आणि मोठ्याने पावलं मोजत. मागे माझे वडील, मग मी, मग आत्या, आणि ओच्यात रोपं घेतलेली आई. वाटेत भेटलेल्या शेजाऱ्याने विचारलं, "कुठं निघाले सगळे?" त्यावर मुलीचे वडील न थांबता म्हणाले, "एकशे नव्व्याण्णव, दोनशे." शेताच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत दोनशे चाळीस पावलं भरली. तिथे आमचा मातीचा खड्डा होता. त्याच्या कडेची माती त्यांनी छत्रीने टोचून बघितली. मग खाली उतरले आणि पावलांनीच त्याची लांबी-रुंदी घेतली.

"एका पुलासाठी आम्ही आख्खी टेकडी फोडली होती," ते खड्ड्यातून म्हणाले. "खडी तिथली, वाळू नदीची, सिमेंट रेल्वेने कुठून कुठून आलेलं. पूल चांगला झाला. टेकडीचं काय झालं, ते कुठल्याच कागदावर लिहायची जागा नव्हती." त्यांनी छत्रीने खड्ड्याच्या कडा दाखवल्या. "आणि तुमची खोली? ती इथं होती, ती तिथं नेऊन ठेवलीत. झालं. दगड?"

"नाला. दिसतोय तो."

"लाकूड?"

"बांधावरचं. पडलेलं."

"कौलं?"

"नाल्यापल्याड," वडील म्हणाले. "बैल वैरणीला घरी होते."

"आणि खिडकीची काच?"

मी खाली मान घालून म्हणालो, "नाशिक. मेनरोड. एस.टी.तून, मांडीवर."

"वाईट लीड," ते म्हणाले. आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. "पण माणसाच्या मांडीवर आलंय, मोटारीवर चढवलेलं नाही. माफ."

ते वर यायला लागले तर चिकट मातीत त्यांचा बूट रुतला. एक हात मी धरला, एक वडिलांनी, आत्याने खाली उतरून मागून ढकललं. बूट खालीच राहिला आणि व्याही वर आले. एका पायावर उभे राहून, माझ्या खांद्याचा आधार घेत ते म्हणाले, "भिंत पक्की आहे. पीकही पक्कं आहे. सुपारी काढा कुणीतरी, ती माझ्या बंडीच्या खिशात आहे आणि माझे दोन्ही हात चिखलाचे आहेत."

सुपारी त्या खड्ड्याच्या कडेला फुटली. आईला नाचायचं होतं, पण ओच्यात रोपं होती. आत्याने ती सगळी मागून घेतली. "माझ्या वावरात रोपं मरून नांगे पडले आहेत, तिथं लावते," ती म्हणाली. ओल्या फडक्यात गुंडाळून भिंतीचं पीक सटाण्याच्या गाडीत बसलं. चैत्रात तिने निरोप धाडला की भिंतीचा कांदा बाकीच्यांपेक्षा गोल भरला. खरं-खोटं तिलाच ठाऊक. आम्ही मान्य केलं.

माघात लग्न झालं. तोवर आम्ही भिंती घासून, शेणमातीने सारवून, वर पांढरी माती फिरवून अशा गुळगुळीत केल्या होत्या की मला अभिमान वाटत होता. ती खोलीत आली. खिडकीपाशी गेली, काचेवर बोट फिरवलं, बाहेरचा बांध बघितला. मग वळून चारही भिंती बघितल्या. एकेक करून, अगदी खालपर्यंत. तिचा चेहरा पडला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. "उजेड कमी आहे?"

"उजेड आहे," ती म्हणाली. "आत्या म्हणाली होती कांदा आहे. उपटून टाकलात होय?"

सिमेंटचा परवाना आमच्या पहिल्या मुलीच्या बारशाला आला. त्या सिमेंटची आम्ही बैलांसाठी पाण्याची टाकी बांधली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घर वाढवायचं ठरलं तेव्हा ती खोली उतरवावी लागली. भिंती पाण्याने भिजवल्या की त्या पुन्हा गारा झाल्या, जणू मधली वर्षं झालीच नाहीत. माती बैलगाडीतून त्याच वाटेने गेली आणि त्याच खड्ड्यात पडली. दोनशे चाळीस पावलं. मी मोजली, कारण मोजायला लावणारे सासरे आता थकले होते आणि ओट्यावर बसून ओरडून विचारत होते, "किती भरली?" दगड जोत्याला परत लागले, कौलं गोठ्यावर गेली, बाभूळ चुलीत. खोलीतलं जे कुठेच परत जाईना ते शेवटी एका घमेल्यात मावलं. चार बिजागऱ्या, एक कडी, मूठभर खिळे आणि ती काच. घमेलं हातात घेऊन मी उभा होतो आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढी वर्षं आम्ही ज्यात राहिलो त्याचं मागे उरलं ते एवढंसं!

कांद्याचं बी एवढी वर्षं जिवंत राहत नाही. हे मला नक्की माहीत आहे, मी बी.एस्सी. आहे. तरी त्या हिवाळ्यात मी सुट्टीला आलो की सकाळी खालच्या कोपऱ्यात जाई आणि गुडघे टेकून भरलेला खड्डा न्याहाळे. एकदा मागे बांगड्या वाजल्या. शाळेत निघालेली बायको वह्यांचा गठ्ठा पोटाशी धरून उभी होती.

"उगवलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"पाणी घालून बघा," ती म्हणाली. "दिवसातून दोनदा." आणि हसत हसत बांधावरून शाळेकडे गेली.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग टाकीवरून बादली भरून आणली.